क्लासिक रॉक स्टेशन एका संध्याकाळी बदलतं, त्याआधी काय काय घडलेलं असतं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात तुम्ही कित्येक वर्षं गाडीत एकच क्लासिक रॉक, म्हणजे मुख्यतः सत्तरच्या दशकाच्या आसपासचं जुनं रॉक लावणारं, स्टेशन ऐकत होतात. एका शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, ऐन ऑगस्टमध्ये, तिथे ख्रिसमसची गाणी सुरू झाली. सोमवारी सकाळी नवं नाव, ऐंशी-नव्वदच्या दशकांतली पॉप गाणी, आणि ओळखीचा एकही आवाज नाही. स्थानिक पेपरात तर ते पहिल्या पाचांत दिसत होतं. मग बदललं कशासाठी? सरकारला विचारावं लागत नाही का? आणि शेजारच्या शहरातलं तसंच जुनं स्टेशन नाव, निवेदक सगळं तेच ठेवून हळूहळू बदलत गेलं, ते कसं?

रात्रीत घडतो तो फ्लिप. वर्षानुवर्षं चालतं ते गाण्यांच्या यादीचं सरकणं. दोन्हींमागचं कारण पुष्कळदा एकच असतं, पण पद्धत, खर्च आणि धोका पूर्ण वेगळा. तुमच्या स्टेशनच्या बाबतीत नेमकं काय झालं ते बाहेरून छातीठोकपणे सांगता येणार नाही. मालकावर कर्ज किती, त्याच गावात त्याची आणखी किती स्टेशनं, प्रतिस्पर्धी कोण, ट्रान्समीटरचा पल्ला कुठवर, यावर ते ठरतं. पण यातला विचार कसा चालतो ते नक्की सांगता येईल.

आधी रेटिंग. पेपरात छापला जातो तो आकडा सहा किंवा बारा वर्षांवरच्या सगळ्या श्रोत्यांमधला वाटा असतो. जाहिरात एजन्सी त्या आकड्यावर पैसे देत नाहीत. मोठ्या शहरांत बहुतेक खरेदी २५ ते ५४ या वयोगटावर होते, काही १८ ते ४९ वर. एकूण यादीत चौथं असलेलं स्टेशन २५ ते ५४ मध्ये बारावं असू शकतं, आणि विक्री विभागाच्या दृष्टीनं ते बारावंच. माणसाला आयुष्यभर चिकटतं ते साधारण पौगंडावस्थेतलं संगीत. १९७३ साली जो पंधरा वर्षांचा होता तो २०२५ मध्ये सदुसष्टचा झाला. २५ ते ५४ चा मध्य धरला तर चाळिशीचा माणूस. तो २००० साली पंधराचा होता. सत्तरच्या दशकावर उभं असलेलं स्टेशन दर वर्षी आपल्या श्रोत्यांसह एक वर्ष म्हातारं होतं आणि विकल्या जाणाऱ्या चौकटीतून बाहेर सरकत राहतं. गाणी वाईट झालेली नसतात, ऐकणारेही पळालेले नसतात. त्यांच्या ऐकण्याला मोठ्या एजन्सीकडे भाव राहत नाही एवढंच. मला हा हिशेब अन्यायाचा वाटतो, कारण साठीतल्या माणसाकडे खर्चायला पैसा जास्त असतो. पण खरेदीचे तक्ते तसेच चालतात.

लहान गावात गणित बदलतं. तिथे जाहिरातदार म्हणजे गाड्यांचा डीलर, हार्डवेअरचं दुकान, दवाखाना, स्थानिक बँक. त्यांना वयोगटाच्या तक्त्यापेक्षा दुकानात कोण येतं हे कळतं. म्हणून छोट्या बाजारात क्लासिक रॉक सुखानं टिकतं आणि मोठ्या शहरात तेच स्टेशन दर काही वर्षांनी टांगणीला लागतं.

मोजण्याची रीत बदलली, त्याचाही यात हात आहे. पूर्वी लोक आठवडाभर डायरीत लिहीत, काय ऐकलं ते आठवून. जुन्या, नाव कमावलेल्या स्टेशनला त्याचा फायदा व्हायचा. २००७ पासून आर्बिट्रॉन या रेटिंग मोजणाऱ्या कंपनीनं फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टनपासून सुरुवात करून मोठ्या शहरांत खिशात बाळगायचा मीटर आणला. स्टेशनच्या आवाजात कानाला न जाणवणारा संकेत मिसळलेला असतो आणि मीटर तो टिपतो. २०१३ मध्ये नील्सननं आर्बिट्रॉन घेतलं. ऐकणं पाव-पाव तासांत मोजतात, आणि एका पाव तासाचं श्रेय स्टेशनला मिळायला त्यात पाच मिनिटं ऐकलं जावं लागे. २०२५ च्या जानेवारीपासून तीन मिनिटं पुरतात. मीटरमुळे दिसलं की लोक थोडा थोडा वेळ, पुन्हा पुन्हा येतात. अनोळखी गाणं लागलं की स्टेशन बदलणंही मिनिटागणिक दिसू लागलं. यादी आणखी आवळण्याचा मोह तिथून वाढला.

आता परवानगी. फॉरमॅट, म्हणजे स्टेशननं निवडलेला संगीताचा प्रकार, बदलायला अमेरिकेत कोणाचीही परवानगी लागत नाही. याचा निकाल १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लागला. न्यूयॉर्कच्या १०४.३ या फ्रिक्वेन्सीवर डब्ल्यूएनसीएन हे शास्त्रीय संगीताचं स्टेशन होतं. १९७४ मध्ये मालकानं तिथे रॉक आणलं, श्रोत्यांनी संघटना करून लढा दिला आणि पुढच्या वर्षी शास्त्रीय संगीत परतही आलं. पण तत्त्वाचा प्रश्न न्यायालयात गेला तेव्हा निकाल असा आला की कोणतं संगीत लावायचं हे बाजारावर सोडण्याचं एफसीसीचं, म्हणजे रेडिओचे परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाचं, धोरण योग्य आहे, प्रत्येक बदल तपासायला आयोग बांधील नाही. पुढे १९९३ मध्ये त्याच १०४.३ वरून शास्त्रीय संगीत गेलं, डब्ल्यूएएक्सक्यू आलं, आणि १९९६ पासून ते क्लासिक रॉक वाजवतं आहे. परवाना दुसऱ्याला विकायचा असेल तर मात्र एफसीसीची मंजुरी हवी. कॉल साइन, म्हणजे डब्ल्यूएनसीएनसारखी स्टेशनची अधिकृत अक्षरं, बदलायचं तर अर्ज करून ते राखून ठेवावं लागतं. दर तासाच्या आसपास कॉल साइन आणि परवान्यातलं गाव, दोन्ही लागोपाठ हवेत सांगावंच लागतं. ऑगस्टमधल्या ख्रिसमससारखा मधल्या काळातला स्टंट चालू असला तरी यातून सूट नाही. ख्रिसमसच्या त्या गाण्यांमध्ये तासाला एकदा कोणीतरी घाईघाईनं काही अक्षरं आणि गावाचं नाव पुटपुटत असेल, ते हेच.

फ्लिपचे खरे प्रकार तीन. पहिला विक्रीतून होणारा. २०१७ मध्ये लॉस एंजलिसचं १००.३, 'द साउंड' नावाचं क्लासिक रॉक स्टेशन, एंटरकॉम आणि सीबीएस रेडिओ या कंपन्यांच्या विलीनीकरणात काढून टाकावं लागलं आणि एज्युकेशनल मीडिया फाउंडेशनकडे गेलं. २०१८ च्या मार्चमध्ये शिकागोचं ९७.९, 'द लूप', त्याच संस्थेकडे गेलं. दोन्हीकडे के-लव्ह ही श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारी ख्रिस्ती संगीतसेवा आली. अशा बदलात गाण्यांच्या चाचण्या, रेटिंग यांचा काही संबंध नसतो. विकली जाते ती फ्रिक्वेन्सी.

दुसरा प्रकार बचावाचा. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर मोठ्या बाजारात एका मालकाकडे आठपर्यंत स्टेशनं असू शकतात, त्यात एफएम पाचपर्यंत. मग एखादं कमजोर सिग्नलचं स्टेशन मुद्दाम असं वळवतात की ते प्रतिस्पर्ध्याचे थोडे श्रोते तोडेल आणि आपल्या मुख्य स्टेशनला मोकळं रान मिळेल. तुमचं स्टेशन आता ऐंशी-नव्वदची पॉप गाणी लावतंय, म्हणजे गावातल्या एखाद्या अॅडल्ट कंटेम्पररी, म्हणजे प्रौढांसाठी सौम्य पॉप लावणाऱ्या, स्टेशनला कुरतडायला ते उभं केलेलं असू शकतं. त्याच मालकाची बाकी स्टेशनं कोणती ते बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

तिसरा प्रकार म्हणजे खरोखर नवा श्रोता शोधणारा फ्लिप. यात सगळ्यात जास्त काम असतं. आधी बाजारातली पोकळी तपासतात: कोणता वयोगट, कोणती चव, कोणाकडेच नीट नाही? मग गाण्यांची चाचणी. साधारण सहाशे गाण्यांचे सात-आठ सेकंदांचे ओळखीचे तुकडे ऐंशी ते शंभर निवडलेल्या लोकांना ऐकवतात, पूर्वी हॉटेलच्या सभागृहात, आता बहुतेक ऑनलाइन. प्रत्येक तुकड्याला आवडतं, नावडतं, कंटाळा आलाय, माहीतच नाही, असे गुण पडतात. नवशिका प्रोग्रामर, म्हणजे स्टेशनवर काय वाजवायचं ते ठरवणारा, फक्त आवडीचा आकडा बघतो. मी कंटाळ्याचा आणि अनोळखीपणाचा आधी बघतो. ज्या गाण्यावर प्रेम करणारे पुष्कळ आणि कंटाळलेलेही पुष्कळ, त्याला वर्षभर विश्रांती देऊन परत आणता येतं. जे गाणं पाचातल्या एकाला माहीतच नाही, ते कितीही चांगलं असलं तरी मीटरच्या शहरात माणूस हातचा घालवतं. चाचणीला बोलावलेले लोक चुकीचे असतील, म्हणजे समजा जुन्या स्टेशनचे चाहतेच जास्त भरले, तर पुढचं सगळं चुकतं. निवडीच्या अटींवर दोन दिवस जास्त घालवलेले बरे.

चाचणीतून साडेतीनशे ते पाचशे गाण्यांची यादी उरते. ऐकणाऱ्याला ती फारच छोटी वाटते, पण तिची मांडणी गणितावर असते. तासाला बारा गाणी धरा. पहिल्या फळीतली पाच, दुसऱ्या फळीतली चार, तिसऱ्या फळीतली तीन. पहिल्या फळीत १२० गाणी ठेवली तर १२० भागिले ५ म्हणजे बरोबर चोवीस तासांनी फेरा पूर्ण होतो, आणि तेच गाणं रोज सकाळी सव्वाआठला त्याच पुलावर तुमच्या गाडीत लागतं. लोक म्हणतात, 'हे रोज तीच गाणी लावतात.' खरा दोष गटाच्या आकाराचा असतो. तिथे ९५ गाणी ठेवा: फेरा १९ तासांचा होतो, गाणं दर खेपेला पाच तास मागे सरकतं आणि दिवसाच्या चोवीसही तासांतून फिरून मगच मूळ तासाला परततं. १०० गाणी घेतलीत तर फेरा २० तासांचा. तो चोवीसपैकी फक्त सहा तासांतच घुटमळतो, कारण २० आणि २४ दोघांनाही चारनं भाग जातो. फेऱ्याच्या तासांत आणि २४ मध्ये सामाईक विभाजक नसावा, एवढं पाळलं तरी अर्ध्या तक्रारी थांबतात. दुसऱ्या फळीत १४८ गाणी घेतली तर ३७ तास, तिसऱ्यात २०१ घेतली तर ६७ तास. झाली ४४४ गाणी. म्युझिकमास्टर किंवा जीसिलेक्टरसारखं सॉफ्टवेअर एकाच कलाकारात किती अंतर ठेवायचं, दोन संथ गाणी लागोपाठ येऊ द्यायची की नाही हे सांभाळतं. पण गटाचे आकडेच चुकलेले असतील तर तेही हात टेकतं.

मग फायली. इथे फार चुका होतात, आणि श्रोत्याला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं पण काय ते सांगता येत नाही. जुन्या गाण्यांच्या संग्रहांत मूळ कलाकारांनीच नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित केलेल्या आवृत्त्या घुसलेल्या असतात. नाव तेच, आवाज तोच, पण गिटारचा सूर आणि ढोलाचा ठेका वेगळा. चाळीस वर्षं ते गाणं ऐकलेल्या माणसाला दुसऱ्या सेकंदाला खटकतं. प्रत्येक फाइल कानांनी तपासायची, वेळेवर भरवसा ठेवायचा नाही. हिट्सच्या स्टेशनला सिंगलची छोटी आवृत्ती लागते, क्लासिक रॉकला अल्बमवरची पूर्ण. फॉरमॅट बदलताना जुनी लायब्ररी तशीच ओढून आणली की सात मिनिटांची आवृत्ती हिट्सच्या तासात येऊन बसते. दाबून संकुचित केलेल्या फायली वापरू नयेत, कारण एचडी रेडिओ (एफएमच्या जोडीनं जाणारं डिजिटल प्रक्षेपण) आणि इंटरनेटवरचा स्ट्रीम त्या पुन्हा दाबतात आणि झांजा खरखरू लागतात. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची साधी वेव्ह फाइल बरी. गायन सुरू होण्याआधीचा निवेदनाचा अवकाश आणि पुढच्या गाण्याचा सांधा प्रत्येक गाण्यावर हातानं खुणावावा लागतो. एका माणसाला चारशे गाण्यांसाठी आठवडाभराचं काम आहे, आणि शेवटच्या रात्री ते उरकलं तर पहिल्या दिवशीच मधे मधे शांतता पडते.

अभियंत्याकडे वेगळी यादी असते. हवेत जाणाऱ्या आवाजाची पातळी सांभाळणाऱ्या प्रोसेसरची मांडणी बदलावी लागते. सत्तरच्या दशकातल्या मुद्रणांना चढउतार ठेवलेले असतात, नव्या गाण्यांना जवळजवळ नसतात, आणि एकाच मांडणीत दोन्ही घातली की जुनी पातळ वाटतात. आरडीएसमध्ये, म्हणजे रेडिओच्या पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या संकेतात, स्टेशनचं नाव आणि प्रकाराचा क्रमांक बदलावा लागतो: अमेरिकी पद्धतीत ६ म्हणजे क्लासिक रॉक, ११ म्हणजे ओल्डीज (पन्नास-साठच्या दशकांतली जुनी लोकप्रिय गाणी). कॉल साइन बदललं तर पीआय कोड, म्हणजे रेडिओला स्टेशन ओळखू देणारा क्रमांक, तोही बदलतो, कारण तिथे तो कॉल साइनच्या अक्षरांवरूनच काढतात. हे विसरलं की काही गाड्यांचे रेडिओ जुनंच नाव दाखवत राहतात. अॅप, वेबपत्ता, घरातल्या बोलत्या स्पीकरला सांगायचं नाव, हे सगळं त्याच मिनिटाला फिरावं लागतं. नव्या नावावर दुसऱ्या कोणाचा ट्रेडमार्क नाही ना, हे वकिलाकडून आधी बघून घ्यायचं. आणि गुपित फुटतं ते बहुधा याच कामांतून: वेबपत्त्यांची नोंदणी आणि कॉल साइनचे अर्ज सगळ्यांना दिसतात, आणि ते रोज चाळणारे उत्साही लोक आहेत.

आता तुमची ऑगस्टमधली ख्रिसमसची गाणी. त्याला धंद्यात स्टंटिंग म्हणतात. उपयोग तीन: जुन्या श्रोत्याची सवय एकदम तुटते, गावात चर्चा होते, आणि नव्या जाहिरातींचं वेळापत्रक लावायला, मशीनवर नवी लायब्ररी चढवायला मोकळा वेळ मिळतो. शुक्रवारची संध्याकाळ निवडतात कारण शनिवार-रविवारी ऑफिसात फोन कमी येतात. नाताळानंतरचा आठवडाही आवडता, कारण तेव्हा जाहिराती कमी असतात. माझ्या मते स्टंट दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त चालवू नये. लोक हसतात, फोन करतात आणि मग दुसरं स्टेशन लावून तिथेच राहतात. त्यानंतर बहुधा 'सलग दहा हजार गाणी, जाहिरातीशिवाय' अशी घोषणा येते. ती उदारता दिसते, पण फॉरमॅट बदलला की जाहिरातदारांचे करार तसेही थांबतात किंवा पुन्हा बोलावे लागतात. रिकामा वेळ सजवून दाखवलेला असतो.

निवेदकांना शेवटच्या क्षणापर्यंत सांगत नाहीत, कारण चालू माइकवर कोणी रागानं काही बोलेल ही भीती. हे मला पटत नाही. 'द साउंड' बंद होताना निवेदकांना श्रोत्यांचा निरोप घेऊ दिला आणि त्यातून कोणाचं काही बिघडलं नाही. वीस वर्षं सकाळी सोबत केलेला आवाज एक शब्दही न बोलता नाहीसा होणं हा त्या माणसाचा आणि श्रोत्याचा, दोघांचा अपमान आहे.

तर आतापर्यंतचं एवढं: परवानगी लागत नाही, पेपरातलं रेटिंग विकलं जात नाही, आणि एका संध्याकाळच्या मागे काही महिन्यांचं काम असतं. राहिला शेवटचा भाग: शेजारच्या स्टेशननं हळूहळू कसं जमवलं?

याचं सर्वांत बोलकं उदाहरण न्यूयॉर्कचं. डब्ल्यूसीबीएस-एफएम, १०१.१, १९७२ पासून ओल्डीज वाजवत होतं. ३ जून २००५ ला ते एका संध्याकाळी 'जॅक' झालं. कॅनडातून आलेला तो फॉरमॅट म्हणजे निवेदक नाहीत, अनेक दशकांची गाणी मिसळलेली, आणि 'आम्हाला हवं ते वाजवतो' ही घोषणा. शिकागोचं डब्ल्यूजेएमकेही त्याच दिवशी तसंच फिरवलं. न्यूयॉर्कमध्ये रेटिंग पडलं, श्रोते दुखावले, आणि १२ जुलै २००७ ला जुनं नाव परत आणलं. पण परत आलेलं स्टेशन जुनं ओल्डीज नव्हतं. सत्तर-ऐंशीची गाणी पुढे आली होती, पन्नास-साठची मागे गेली होती, ओळख क्लासिक हिट्सची झाली होती. म्हणजे यादी तरुण करण्याची जी गरज २००५ मध्ये होती ती खरीच होती. नाव, आवाज आणि जिंगल न मोडताही ती भागवता आली असती. लॉस एंजलिसच्या के-अर्थ १०१ नं तेच केलं: नाव राखलं आणि साठचं दशक हळूहळू यादीतून काढत नेलं.

सरकवायची रीत अशी. दर चाचणीनंतर सर्वांत जुन्या दशकातली तीस-चाळीस गाणी विश्रांतीला, तेवढीच पुढच्या दशकातली आत. नवं गाणं दोन्ही बाजूंनी पक्क्या ओळखीच्या गाण्यांत बसवायचं, दोन नवी शेजारी कधीच नाहीत. सकाळच्या कार्यक्रमात बदल सगळ्यात शेवटी. जिंगल आणि निवेदकाला हात लावायचा नाही. आणि बदलाची घोषणा करायची नाही. 'आता नव्वदची गाणीही!' असं सांगितलं की जुना श्रोता काय गेलं ते मोजू लागतो.

क्लासिक हिट्सला हे सोपं जातं, क्लासिक रॉकला अवघड. हिट्सचा श्रोता ओळखीच्या सुरावर येतो, दशक बदललं तरी त्याची फारशी कुरबुर नसते. रॉकचा श्रोता, बहुतांशी पुरुष, गिटारच्या पोतावर येतो. निर्वाणा किंवा पर्ल जॅम हे नव्वदच्या दशकातले बँड आज वयानं क्लासिक आहेतच, पण १९९१ नंतरचं पुष्कळ रॉक गावातल्या ऑल्टरनेटिव्ह स्टेशनकडे आधीच असतं. त्यामुळे क्लासिक रॉकचा प्रोग्रामर दोन्हीकडून अडतो: मागे गेलं तर वय वाढतं, पुढे गेलं तर शेजाऱ्याशी टक्कर. म्हणून अशा स्टेशनचे मालक सरकवण्याचा कंटाळा करून फ्लिपचं बटण दाबतात. जिथे नाव अजून जिवंत आहे तिथे मी तरी तसं करू देणार नाही. जिथे सिग्नलच अर्ध्या शहरात पोचत नाही, किंवा त्याच गावात दोन क्लासिक रॉक स्टेशनं भांडताहेत, तिथे फ्लिप समजू शकतो.

आता तुमच्यापुरतं. आधी त्याच फ्रिक्वेन्सीचं एचडी-२, म्हणजे एचडी रेडिओवर ऐकू येणारी तिची दुसरी वाहिनी, लावून बघा. जुना फॉरमॅट पुष्कळदा तिथे हलवतात, आणि कधी कधी तीच वाहिनी २५० वॉटपर्यंतच्या एखाद्या ट्रान्सलेटरवरून (दुसऱ्या स्टेशनचं प्रक्षेपण पुढे पाठवणारा छोटा ट्रान्समीटर) साध्या एफएमवरही ऐकू येते. न्यूयॉर्कमध्येही २००५ नंतर ओल्डीज एचडी-२ वर आणि इंटरनेटवर ठेवली होती. स्टेशनला लिहायचं असेल तर पहिल्या आठवड्यात लिहून उपयोग नाही. त्या आठवड्यातल्या संतापाची पत्रं येणार हे आधीच धरलेलं असतं आणि ती कोणी वाचत नाही. नव्या फॉरमॅटला साधारण वर्ष-दीड वर्ष देतात. सातव्या-आठव्या महिन्यात, रेटिंग रखडलेलं असताना, विक्री विभागाच्या प्रमुखाला लिहा. तुमचं वय, कोणत्या वेळी ऐकायचात, आणि त्या स्टेशनवरची जाहिरात ऐकून कोणत्या स्थानिक दुकानात गेलात ते नावानिशी. त्या दुकानदारालाही एक प्रत द्या. स्टेशनच्या बैठकीत त्याचा शब्द चालतो.